कार्डाची मागची बाजू

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाने यंदाच्या दिवाळीसाठी 12 शुभेच्छापत्रांचा संच काढायचं ठरवलं. विषय, मुंबई बंदराशी नातं असलेल्या ऐतिहासिक युद्धनौका. जिथे मिळतील तिथे त्यांची जुनी छायाचित्रं, नाहीतर चित्रं. विक्रीचे पैसे पुस्तकांच्या बांधणीला जाणार होते. नमुन्याची कार्डं सभेत फिरली आणि दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, दिवाळीच्या शुभेच्छा तोफांवर लिहून पाठवायच्या? हा युद्धाचा उदोउदो आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्याला आपल्या बोटींचे फोटो नकोत त्याला देशच नको आहे. पुढे आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हीच दोन वाक्यं एकमेकांवर आदळत राहिली. एवढ्या सगळ्यात कार्ड उलटून कुणी पाहिलं नाही. मागची बाजू कोरी होती.

माझं मत असं की ही कार्डं जरूर छापावीत, आणि दिवाळीतच छापावीत. पण कोऱ्या पाठीने छापू नयेत. बोटीचं नाव, ती कुणी बांधली, तिच्यावर कोण होतं आणि तिचं पुढे काय झालं, हे मागे लिहिलेलं नसेल तर विरोध करणाऱ्यांची भीती खरी ठरेल आणि समर्थकांचा अभिमान पोकळ ठरेल. वाद युद्धनौका असावी की नसावी यावर चालला आहे. तो तिच्याविषयी काय सांगायचं यावर व्हायला हवा होता.

विरोधकांचं म्हणणं आधी घेते, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चित्र कधीच निरुपद्रवी नसतं, हे आपल्याला मराठी मुलखात कुणी शिकवायची गरज नाही. 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू झाली, तिच्या उभारणीत विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. रामपंचायतनाच्या बरोबरीने नाना फडणवीसांचं चित्र छापून घराघरांत गेलं, आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाच्या भिंतीवरही इतिहास येऊन बसला. स्वस्त छापील चित्राची ही ताकद आहे. ती चांगल्या कामाला लागते तशी वाईट कामालाही लागते. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी तसंच झालं. 1906 मध्ये इंग्लंडने ‘ड्रेडनॉट’ पाण्यात सोडली आणि जर्मनीशी युद्धनौकांची शर्यत पेटली. पोस्टकार्डांची तेव्हा चलती होती आणि त्यांवर या पोलादी बोटी डौलात उभ्या असत. जर्मनीत 1898 पासून आरमाराच्या प्रचारासाठी मोठी संघटना काम करत होती, लहान मुलांना हौसेने खलाशाचे कपडे घातले जात होते. 1909 साली इंग्लंडमध्ये लोक ‘आठ बोटी हव्यात, थांबणार नाही’ अशी घोषणा देत होते. पाच वर्षांनी महायुद्ध सुरू झालं. महायुद्ध पोस्टकार्डांमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. पण बोट ही सुंदर, अजिंक्य आणि आपली आहे, ही भावना घरोघर पोचवण्यात त्या चित्रांचा वाटा नव्हता असंही म्हणता येणार नाही.

‘हूड’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही ब्रिटिश आरमाराची सर्वांत देखणी बोट मानली जाई. तिचे असंख्य फोटो निघाले, ती जगाची सफर करून आली. 24 मे 1941 रोजी ‘बिस्मार्क’शी झालेल्या लढाईत तिचा स्फोट झाला. बोटीवर 1,418 माणसं होती, 3 वाचली. ज्या घरांत तिचा फोटो कपाटावर होता, त्या घरांना त्या फोटोतून या गोष्टीची पूर्वसूचना मिळाली असेल का? नाही, कारण त्यात फक्त बोट होती. दोन हात दूर उभं राहून काढलेल्या फोटोत माणसं दिसत नाहीत. विरोधकांचं म्हणणं मी असं समजून घेते, आणि असं समजून घेतलं की मला ते पटतं: माणसं नसलेली बोट हा धोक्याचा फोटो आहे.

पण यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की अशी चित्रं सणावारापासून लांबच ठेवावीत, तो मला मान्य नाही. आपला सण इतका कोवळा कधी होता? गिरगावापासून गिरणगावापर्यंत चाळींच्या अंगणात दिवाळीला मुलं काय करतात? माती कालवून किल्ला करतात. त्यावर हळीव पेरतात, बुरूज काढतात, तोफा मांडतात, पायथ्याशी मावळे आणि माथ्यावर सिंहासनावर महाराज बसवतात. किल्ला ही लढाईचीच वास्तू आहे. त्या मातीच्या ढिगाऱ्यावर वाढलेल्या आपल्या पिढ्या युद्धखोर झाल्या का? उलट, किती मुलांना इतिहासाची पहिली गोडी तिथे लागली. कारण किल्ल्याबरोबर गोष्ट येते. हा प्रतापगड, इथे असं घडलं. हा सिंधुदुर्ग, हा समुद्रात बांधला, याच्यासाठी कोळी, भंडारी, गाबीत खपले. नुसता मातीचा उंचवटा कुणी करत नाही, त्याला नाव असतं आणि नाव विचारलं की कुणीतरी मोठं माणूस तपशील सांगतं. शुभेच्छापत्रावरच्या बोटीला हेच हवं आहे.

आणि दिवाळी म्हणजे नुसता आनंद, तिथे मरणाची सावली नको, असं जे सभेत म्हटलं गेलं, त्याला तर माझ्या आजीच्या हातातला कणकेचा दिवा हे उत्तर आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची. यमाचा दिवा. अवेळी मरण कुणाला येऊ नये म्हणून. आपल्या सणाने मृत्यूला उंबऱ्याबाहेर एक जागा ठेवली आहे. मग आपल्या नौदलाच्या ‘खुकरी’चा फोटो त्या दिवशी का चालू नये? 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ती बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही. अवेळी मरण याहून वेगळं काय असतं? त्या 194 जणांच्या घरी पुढची दिवाळी कशी गेली असेल, याचा विचार करायला लावणारं कार्ड अशुभ म्हणायचं असेल, तर शुभ या शब्दाचा अर्थ आपण फार लहान करून ठेवला आहे.

एक अट मात्र मी विरोधकांकडून घेतली आहे आणि ती मनापासून मानते. नमुन्यात एक कार्ड 4 डिसेंबर 1971 च्या कराचीवरच्या हल्ल्याचं होतं. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र बोटींनी तो केला, आणि त्याच दिवसाची आठवण म्हणून आपण नौदल दिन पाळतो. बोटी लहान, ओसा वर्गातल्या. त्यांना ओढत कराचीच्या दिशेने न्यावं लागलं होतं. तो हल्ला धाडसाचा होता यात शंका नाही. पण कार्डावर संगणकाने भडकवलेल्या ज्वाळा होत्या आणि खाली ‘शुभ दीपावली’. त्या ज्वाळांत पाकिस्तानी युद्धनौका ‘खैबर’ बुडाली, तिच्यावरची 200 हून अधिक माणसं गेली. ती शत्रूची होती, पण खलाशी होती, आणि समुद्रात पडलेल्या माणसाला वाचवायचं असतं हा दर्यावर जाणाऱ्यांचा फार जुना धर्म आहे. जळणाऱ्या बोटीवर दिवाळीच्या शुभेच्छा लिहू नयेत. ‘निपात’चा धक्क्याला लागलेला साधा फोटो छापा, मागे सगळं लिहा, ‘खैबर’सुद्धा.

आता दुसरी बाजू. तिच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ती ज्या गोष्टीवर प्रेम असल्याचं सांगते, त्या गोष्टीकडे तिने नीट पाहिलेलंच नाही. नमुन्यातल्या विमानवाहू ‘विक्रांत’च्या कार्डावर मोठ्या अक्षरात ‘1971 ची वीरांगना’ असं लिहिलं होतं. फोटोत डेकचं पुढचं टोक वर उचललेलं होतं. 1971 साली ‘विक्रांत’चं डेक सपाट होतं, ‘सी हॉक’ विमानं वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. पुढचा चढ ऐंशीच्या दशकातल्या दुरुस्तीत बसवला गेला. आणि नीट निरखलं तर तो फोटो जुन्या ‘विक्रांत’चाही नव्हता, 2 सप्टेंबर 2022 ला कोचीला नौदलात आलेल्या नव्या बोटीचा होता. दोघींचा क्रमांक एकच, आर 11, त्यामुळे घोटाळा झाला असेल. पण ज्या बोटीसाठी आपण शेजाऱ्याला देशद्रोही म्हणतो, ती ओळखताही येऊ नये? मी हे सभेत बोलले तेव्हा एकजण म्हणाले, ‘ताई, भावना बघा ना.’ भावना तर मी बघतेच आहे. माझ्या वडिलांनी नोकरीची सगळी वर्षं नेव्हल डॉकयार्डात बॉयलरवर काढली. लायन गेटमधून सकाळी आत जाणाऱ्या, डबा खाकी पिशवीत घेतलेल्या हजारो माणसांतले ते एक. त्यांच्यासाठी ‘विक्रांत’ ही भावना होतीच, पण आधी ती तापलेल्या लोखंडाचा वास, कानात बसलेला आवाज आणि बोटांवरचे डाग होती.

आमच्या घरी ट्रंकेत एक कार्ड आहे. नौदलाच्या बोटी नववर्षाला आपापली शुभेच्छापत्रं काढतात, त्यातलं ते, ‘विक्रांत’चं, सत्तरच्या दशकातलं. घडीवर बारीक रेशमी फीत, बाहेर सोनेरी ठशात बोटीचं चिन्ह, आत पांढऱ्या चौकटीत काळा-पांढरा फोटो चिकटवलेला. फीत आता तपकिरी झाली आहे, फोटोचा एक कोपरा सुटला आहे आणि त्याखाली डिंकाचा पिवळा पट्टा दिसतो. कुणा अधिकाऱ्याने वडिलांना दिलं होतं, सही लागत नाही. लहानपणी मला त्या फोटोत फक्त मोठी बोट दिसे. वडील अंगठ्याने धुराड्याच्या खाली, पोलादाच्या आत कुठेतरी एक जागा दाखवायचे आणि म्हणायचे, ‘इथे खाली.’ तिथे बॉयलर होते. 1971 च्या युद्धाआधी त्यांच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेले होते. त्या तड्यांवर इथे वेल्डिंग होण्यासारखं नव्हतं, नवे ड्रम इंग्लंडहून यायचे होते आणि युद्ध तर समोर उभं होतं. मग वाफेचा दाब कमी ठेवून, वेगावर मर्यादा घालून ती बाहेर पडली, आणि बंगालच्या उपसागरात जाऊन तिच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले केले. फोटोत यातलं काही दिसत नाही. ज्याला हे कळलं तो ती बोट अजिंक्य होती असं म्हणणार नाही. ती आजारी होती आणि तरी गेली, आणि तिला जाण्याजोगी करणारी माणसं होती, असं म्हणेल. मला यात जास्त अभिमान वाटतो. देशप्रेमाच्या नावाने ज्यांनी सभेत आवाज चढवला, त्यांना मी हेच विचारते: तडे लपवून ठेवलेला अभिमान मोठा, की तडे सांगून उरलेला?

इतिहास सरळ रेषेत नसतो, आणि मुंबईच्या बोटींचा तर मुळीच नाही. ‘ट्रिंकोमाली’ ही लाकडी युद्धनौका मुंबईच्या गोदीत, मलबारी सागवानात, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. त्यानंतर 24 दिवसांनी, 5 नोव्हेंबरला, खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पराभव झाला. एकाच शरद ऋतूत या मुलखातल्या हातांनी इंग्रजांची बोट पुरी केली आणि या मुलखाचं राज्य इंग्रजांकडे जायला लागलं. ‘कॉर्नवॉलिस’ हीसुद्धा मुंबईचीच, 1813 ची. अफूच्या युद्धानंतर 1842 मध्ये हाँगकाँग इंग्रजांच्या घशात घालणारा नानकिंगचा तह तिच्या डेकवर झाला. मग ही कार्डं छापायची नाहीत का? एका सभासदाने तसं सुचवलं, की परक्यांच्या बोटी वगळा. तो न्याय लावला तर ‘विक्रांत’ही वगळावी लागेल, ती ‘हर्क्युलिस’ म्हणून इंग्लंडमध्ये बांधायला घेतली गेली, अर्धवट पडून राहिली, भारताने 1957 मध्ये विकत घेऊन बेलफास्टला पुरी करून घेतली आणि 4 मार्च 1961 ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती आपली झाली. ‘विराट’ तर ‘हर्मिस’ म्हणून 1982 च्या फॉकलंड युद्धात इंग्रजांच्या ताफ्याची प्रमुख बोट होती. शुद्ध वंशावळ शोधत बसलो तर हातात काय उरेल? आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं. त्यांचा फोटो नाही, असू शकत नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा छायाचित्रण जन्मालाही आलं नव्हतं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते हे मागच्या बाजूला लिहिण्याचं धैर्य आपल्यात हवं. आपल्याच हाताने आपलं आरमार जाळायला मदत केली, हे वाक्य दिवाळीच्या कार्डावर बोचेल. बोचू द्या.

युद्धनौका म्हणजे सरकारची ताकद, म्हणून ती नको, असं म्हणणाऱ्या माझ्या डाव्या मित्रांना 1946 ची आठवण करून द्यावीशी वाटते. 18 फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’वर, जी खरं तर बोट नव्हती, जमिनीवरचं प्रशिक्षण केंद्र होतं, खलाशांनी अन्नावर बहिष्कार टाकला. निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांच्या शिव्या, रंगावरून केलेला भेद. पाहता पाहता बंदरातल्या बोटींवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट अशा तिन्ही पक्षांचे झेंडे एकत्र चढले. लालबाग-परळचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या, शहरात 200 हून अधिक माणसं मेली. त्या आठवड्यात मुंबई बंदरातली युद्धनौका कुणाची होती? सरकारची, की तिच्यावर उपाशी बसलेल्या पोरांची? पुढाऱ्यांनी त्यांना शरण जायला सांगितलं आणि नंतर त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. बाराच्या संचात ‘तलवार’ नव्हती. दोन्ही तटांपैकी एकालाही ती आठवली नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला, आणि तो मला सर्वांत जड गेला. बोटी वाचवता आल्या नाहीत म्हणून आता त्यांची कार्डं काढायची, हा स्वस्तातला दिलासा नाही का? ‘विक्रांत’ 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, 2012 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाली, साधारण 60 कोटींना विकली गेली. न्यायालयात अर्ज झाले, फेटाळले गेले आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी पाहायला जायचं नाकारलं. लायन गेटबाहेर तिच्याच पोलादातून घडवलेलं स्मारक 2016 साली उभं राहिलं, त्याच्यासमोरून मात्र ते मला मुद्दाम घेऊन गेले आणि हात लावून आले. ‘विराट’साठी 2018 मध्ये राज्याने 852 कोटींची योजना मंजूर केली होती, सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय व्हायचं होतं. झालं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये ती मुंबईतून ओढत गुजरातेत अलंगला, तोडायला नेली गेली. खर्च अफाट होता, पोलाद गंजतं, लाकडासारखं डागडुजीने दोनशे वर्षं तगत नाही, हे सगळे मुद्दे खरे आहेत आणि निर्णय घेणाऱ्यांना मी खलनायक ठरवत नाही. तरीही आपल्या गोदीत जन्मलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, तिथली पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून, आणि आपल्या दोन विमानवाहू बोटींचे तुकडे झाले, हे दुखतं ते दुखतंच.

म्हणून कार्ड हा पर्याय नाही हे मी मान्य करते. पण जिथे बोट उरली नाही तिथे तिची ओळख कुठे ठेवायची? संग्रहालयात तिकीट काढून जाणारी माणसं थोडी. कार्ड मात्र आपणहून दारात येतं, फराळाच्या ताटाशेजारी पडतं, एखादी नात ते उलटते आणि विचारते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उलटता येत नाही.

वाचनालयाच्या समितीला मी लेखी सूचना दिली आहे. ज्वाळांचं कार्ड काढा, ‘विक्रांत’चा फोटो बदला, ‘तलवार’ आणि ‘खुकरी’ घाला. प्रत्येकामागे सहा-सात ओळी: कधी, कुठे बांधली, कोण गेलं, शेवट कसा झाला. आणि एक ओळ काम करणाऱ्यांची. ती लिहायची तर ते सांगणारी माणसं शोधावी लागतील. डॉकयार्डातून निवृत्त झालेले कितीतरी जण आता डोंबिवली, बदलापूर किंवा गावी कोकणात असतात, काहींची दृष्टी गेली आहे, पण फोटोचं वर्णन केलं तरी धुराडं कुठल्या बाजूला झुकलं होतं ते सांगतात. त्यांच्यातल्या दोघांचे फोन नंबर मी सूचनेच्या खाली लिहिले आहेत आणि ट्रंकेतलं कार्ड स्कॅन करायला दिलं आहे. छापखान्याला फाइल गणपतीनंतर जायची आहे, तोवर दोघांकडे जाऊन येता येईल.